लक्षण गेले, द्वंद्वाचे काय?

व्हिएन्नाचे मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकल (१९०५–१९९७) यांचा १९४६ साली प्रसिद्ध झालेला ग्रंथ 'अर्थाच्या शोधात' या नावाने मराठीत आला आहे. नाझी छळछावणीच्या अनुभवासाठी तो आवडीने वाचला जातो. 'लोगोथेरपी' ही जीवनार्थावर आधारलेली उपचारपद्धती मांडणारा उत्तरार्ध मात्र बहुधा चाळला जातो. त्यातील दोन रुग्णकथा शेजारी ठेवून वाचाव्यात.

एका तरुण डॉक्टरला घाम फुटेल या भीतीनेच घाम फुटे. आपण किती घाम गाळू शकतो ते लोकांना दाखवायचेच, असा निश्चय करण्यास फ्रँकल यांनी सांगितले. चार वर्षांची भीती एका भेटीनंतर आठवड्याभरात गेली. दुसरे वृद्ध डॉक्टर दोन वर्षे पत्नीच्या शोकात बुडालेले. तुम्ही आधी गेला असता तर तिचे काय झाले असते, असे फ्रँकल यांनी विचारले. तिच्या वाट्याचे दुःख आपण सोसत आहोत, हे वृद्धाला उमगले. हस्तांदोलन करून ते शांतपणे निघून गेले.

पहिल्या कथेत लक्षण नाहीसे झाले. दुसरीत दैव तेच राहिले, त्याकडे पाहण्याची दृष्टी पालटली. ती निराशा आजार नव्हती, म्हणून हा खरा उपचारच नव्हे, असे फ्रँकल स्वतः म्हणतात. प्रत्येक अंतर्द्वंद्व रोग नसते, हा या ग्रंथाचा गाभा आहे.

बीड जिल्ह्यात वाचताना मात्र एक उणीव खटकते. येथील असंख्य जोडपी मुकादमाची उचल घेऊन ऊसतोडीला जातात. लेकराला शाळेसाठी मागे ठेवावे की फडावर न्यावे, या विचाराने जिची झोप उडते, त्या मातेला गोळीने झोप लागेलही; पण तिचे द्वंद्व हा विकार नव्हे, ती तिची माया आहे. तिच्या दुःखाला नुसता अर्थ देऊन भागेल काय? टाळता येण्याजोग्या दुःखाचे कारण आधी दूर करावे, मग ते राजकीय का असेना. विनाकारण सोसण्यात शौर्य नाही, असे फ्रँकल बजावतात. परंतु हा विचार ओझरता येतो. त्याला स्वतंत्र प्रकरण लाभते, तर ग्रंथाचा तोल अधिक साधला असता.

सांत्वनाला जाणाऱ्या प्रत्येकाने, आम्ही धर्मगुरू त्यात आलोच, तो ओझरता विचार प्रथम वाचावा. जे बदलता येते तेही सोसायला शिकवणे, हे सांत्वन नव्हे.