बुद्धिबळांतील हत्तीची चाल : पाठनिर्णयाचा एक प्रश्न

जुन्या ग्रंथांत बुद्धिबळांचें वर्णन आलें म्हणजे वाचक आपल्या पटावरचा हत्ती मनांत धरून पुढें जातो, आणि वर्णन जुळेनासें झालें कीं लेखकाचा प्रमाद म्हणून मोकळा होतो. ही रीत आम्हांस मान्य नाहीं.

अल्-बेरूनी यानें इ. स. १०३० च्या सुमारास हिंदुस्थानांतील खेळ वर्णिला आहे. त्यांतील हत्ती एक घर सरळ पुढें किंवा चारी कोपऱ्यांकडे एक घर तिरका जातो. सोंड व चार पाय मिळून हीं पांच घरें, असा खुलासाही तेथें आहे. नवव्या शतकांतील अल्-अदली सांगतो कीं, हिंदी हत्ती पटाच्या कोपऱ्यांत असून सरळ रेषेंत एक घर ओलांडून तिसऱ्यांत उडी घेतो. फारशी शतरंजांत हीच उडी तिरकी आहे. आमचा हत्ती मात्र वाट मोकळी असेल तोंवर सरळ धांवतो.

यांपैकीं चूक कोणती, हें ठरविण्यापूर्वीं प्रत्येक चाल पटावर मांडून पाहावी. तिरकी उडी घेणाऱ्यास ६४ पैकीं केवळ ८ घरें लाभतात. दोन्ही पक्षांचे चारही हत्ती एकमेकांस कधींच गांठीत नाहींत. परंतु त्याचा शह मध्यें मोहरें घालून मोडतां येत नाहीं. म्हणून शत्रूनें राजा त्या ८ घरांबाहेर ठेवावा हेंच धोरण. अल्-अदलीच्या हत्तीस १६ घरें मिळतात. कोपऱ्यांतील चौघे मिळून सारा पट व्यापतात, पण तेही परस्परांशीं भिडत नाहींत. पांच चालींचा हत्ती सर्वत्र पोंचतो; मात्र सरळ टाकलेलें एक पाऊल मागें घेण्यास त्याला तीन खेळ्या लागतात. त्याला पाठबळाशिवाय पुढें दामटणें घातक होय.

म्हणजे प्रत्येक चालीचें आपलें असें युद्धशास्त्र आहे. शिवाय ब्रह्मदेशांतील हत्ती, सयामांतील खोन व जपानी शोगींतील रौप्य सेनापति यांची चाल अल्-बेरूनीच्या वर्णनाशीं तंतोतंत जुळते. इतक्या दूरच्या देशांत टिकून राहिलेल्या चालीस हस्तदोष म्हणतां येणार नाहीं.

वाशीम जिल्ह्यांत या विवेकाचे दोन दाखले आहेत. वत्सगुल्माच्या वाकाटकांपैकीं दुसऱ्या विंध्यशक्तीच्या वाशीम ताम्रपटांत वंशावळ संस्कृतांत, तर दानाचा मजकूर प्राकृतांत आहे. तें प्राकृत शुद्ध करून संस्कृत बनविण्याचें कोणी मनांतही आणीत नाहीं. कारंज्याच्या जैन ग्रंथमालेंत १९३३ सालीं हिरालाल जैन यांनीं पुष्पदंताचें ‘णायकुमारचरिउ’ संपादिलें, तें अपभ्रंश म्हणूनच. भाषेस जो न्याय, तोच पटास द्यावयास हवा.

यास्तव संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, बुद्धिबळांचें बाड हातीं आल्यास पटाची आकृति, घरांची संख्या, कोपऱ्यांतील मोहऱ्याचें नांव व त्याची चाल जशींच्या तशीं उतरून घ्यावीं. विचित्र दिसणारी चाल प्रथम खेळून पाहावी. तिनें डाव चालत असेल, तर पाठास हात लावूं नये. एकदां ‘सुधारलेला’ हत्ती मूळ पटावर परत आणणें फार कठीण असतें.