‘हॅलोवीन’ची तबकडी : संग्राह्य की असंग्राह्य?

अल्प खर्चात काढलेला आणि एका मुखवटाधारी खुन्याच्या सुरीभोवती फिरणारा चित्रपट पैसे देऊन विकत घ्यावा काय, हा प्रश्न वाङ्मयाला वाहिलेल्या या पृष्ठांत उपस्थित केल्याबद्दल काही वाचक आमच्यावर रुष्ट होतील. परंतु ग्रंथ उसना आणून वाचणे आणि तो संग्रही ठेवणे यांत आपण जो भेद करतो, तोच चित्रपटाच्या बाबतीतही करण्याची वेळ आली आहे. इंटरनेटवरून घरबसल्या दिसणारा चित्रपट करार संपताच नाहीसा होतो. विकत घेतलेली तबकडी आपल्या कपाटात राहते. तेव्हा कपाटातील ही जागा कोणास द्यावी, हा विचार रसिकाने करावयासच हवा.

अमेरिकेत ज्यांना ‘स्लॅशर’ म्हणतात, त्या चित्रपटांपैकी बहुतेकांचा निकाल सोपा आहे. त्यांतील भीती पुढे काय होणार या अज्ञानावर उभी असते आणि ते अज्ञान एका दर्शनात संपते. पुनर्वाचनाची कसोटी लावली की असली कृती गळून पडते. त्या कसोटीस उतरणारी म्हणून आम्ही येथे जॉन कार्पेंटर यांची ‘हॅलोवीन’ ही १९७८ सालची कृती विचारासाठी घेतो.

प्रथम एक कबुली दिली पाहिजे. हा चित्रपट आम्ही पहिल्यांदा पाहिला तो दूरचित्रवाणीच्या जुन्या, चौकोनी पडद्यावर, दोन्ही कडा छाटलेल्या प्रतीत; आणि ‘उथळ’ असा शेरा मारून आम्ही मोकळे झालो. पुढे मूळ रुंदीची प्रत पाहण्यात आली, तेव्हा आम्ही दोष दिला तो कृतीस नव्हे, तिच्या भ्रष्ट पाठास दिला होता, हे ध्यानी आले.

चित्रपटाची निर्मिती दारिद्र्यातली आहे. खर्च सुमारे तीन लक्ष डॉलर, चित्रीकरण अवघ्या तीनेक आठवड्यांचे. कथा इलिनॉय राज्यातील हॅडनफील्ड या कल्पित गावी ऑक्टोबरअखेर घडते. चित्रीकरण मात्र झाले कॅलिफोर्नियात, वसंत ऋतूत. म्हणून पानगळीची पाने रंगवून रस्त्यावर पसरली, दृश्य संपताच ती गोळा करून पुढच्या दृश्यासाठी जपून ठेवली. खुन्याचा मुखवटा म्हणजे ‘स्टार ट्रेक’ मालिकेतील कप्तान कर्कचा बाजारी मुखवटा. तो पांढरा रंगवला, डोळ्यांची भोके मोठी केली, एवढेच. तथापि ज्याचे भाव वाचता येत नाहीत असा तो कोरा चेहरा कितीही द्रव्य खर्चून याहून भयप्रद झाला नसता. संगीतही दिग्दर्शकानेच केले. पाच मात्रांच्या आवर्तनात फिरणारी पियानोची ती छोटी सुरावट ऐकणाऱ्याचा पाय सम शोधीत राहतो, आणि ती अपेक्षेहून एक मात्रा उशिरा येते.

परंतु काटकसर हा काही कलागुण नव्हे. या कृतीचे खरे बळ तिच्या चौकटीत आहे. पैशाची एवढी ओढ असतानाही कार्पेंटर आणि छायालेखक डीन कंडी यांनी उंचीच्या सव्वादोन पटींहूनही रुंद अशी चौकट निवडली, आणि तिचा बराच भाग रिकामा ठेवला. लॉरी ही शाळकरी मुलगी वर्गात बसली आहे, बाई दैव या विषयावर बोलत आहेत, आणि खिडकीपलीकडे रस्त्याच्या कडेस एक मोटार उभी आहे. काहीच घडत नाही; परंतु त्यानंतर प्रत्येक कुंपण, प्रत्येक दार, प्रत्येक मोकळा कोपरा आपण संशयाने पाहू लागतो. उत्तरार्धात लॉरी भिंतीला टेकून हुंदके देत असता तिच्या मागील काळोख्या दारात तो पांढरा मुखवटा हळूहळू उजळत येतो. तेथे कोणी उडी मारीत नाही, कोणी किंचाळत नाही. अंधारास चेहरा फुटतो, इतकेच. चौकोनी पडद्यासाठी छाटलेल्या प्रतीत चित्राचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग जातो. म्हणजे ज्या रिकाम्या जागेत हे भय वसते, तीच जाते.

भरतमुनींनी भयानक आणि बीभत्स हे दोन रस वेगळे मानले. एकाचा स्थायी भाव भय, दुसऱ्याचा जुगुप्सा. ‘हॅलोवीन’च्या यशानंतर १९८० च्या ‘फ्रायडे द थर्टीन्थ’पासून अनुकरणांची जी रांग लागली, तिने हा भेद पुसून टाकला आणि भय साधेना तेथे रक्त ओतले. मूळ कृतीत रक्त आश्चर्य वाटावे इतके थोडे आहे. अखेरीस सहा गोळ्या खाऊन सज्जावरून कोसळलेला खुनी हिरवळीवर सापडत नाही, तेव्हा कॅमेरा आधी पाहिलेल्या रिकाम्या खोल्यांतून आणि घरांवरून फिरतो व केवळ श्वासाचा आवाज येत राहतो. भयानक रसाचा एवढा संयत शेवट या जातीत विरळा.

दोष नाहीत असे नव्हे. डॉक्टर लूमिस यांच्या तोंडची दुष्टत्वावरील भाषणे डोनाल्ड प्लेझन्स यांच्यासारख्या नटामुळेच निभावतात. इलिनॉयच्या रस्त्यावर कॅलिफोर्नियाची ताडाची झाडे डोकावतात. याहून गंभीर आक्षेप असा की, प्रियकरांत रमलेल्या मुली मरतात आणि अभ्यासू मुलगी वाचते. असा उपदेश आपल्या मनात नव्हता, असे कार्पेंटर यांनी सांगितले आहे, आणि त्यावर आमचा विश्वास आहे. तरीही कृतीतून तसा अर्थ निघतो, आणि पुढच्या अनुकरणांनी तोच गिरवला. संग्राहकाने हा डाग डोळ्यांआड करू नये.

आता तबकडीविषयी. ज्ञानेश्वरीत शिरलेले अपपाठ काढून ती शुद्ध करण्याचे कष्ट एकनाथांनी १५८४ साली घेतले. थोराशी लहानाची तुलना करीत नाही. परंतु पाठशुद्धीची चिंता येथेही तीच आहे. १९८१ मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीसाठी या चित्रपटात मागाहून चित्रित केलेली दृश्ये घुसवण्यात आली. ती जिज्ञासूने एकदा पाहावीत. पाठ म्हणून स्वीकारू नयेत. २००७ सालच्या ब्ल्यू-रेमध्ये रात्रीची निळी छटा हरवली, अशी रास्त तक्रार झाली. २०१३ ची प्रत स्वतः कंडी यांच्या देखरेखीखाली झाली. २०२१ ची फोर-के प्रत मूळ निगेटिव्हवरून, त्यांच्याच संमतीने निघाली. छायालेखकाची संमती ही आम्ही संपादकाच्या स्वाक्षरीसारखी मानतो. येथील ग्राहकाने आणखी एक ध्यानात ठेवावे : ब्ल्यू-रेसाठी अमेरिका ‘ए’ विभागात आणि भारत ‘सी’ विभागात येतो, त्यामुळे तिकडील तबकडी आपल्या यंत्रावर चालेलच असे नाही. फोर-के तबकड्यांना हे बंधन नसते. मात्र त्यांस फोर-के यंत्रच लागते.

निर्णय असा : ज्यांस केवळ एका रात्रीची धास्ती हवी, त्यांनी तबकडी घेऊ नये, त्यांचे काम उसन्या प्रतीवर भागेल. रक्तपाताने ज्यांचे मन विटते, त्यांसही आम्ही आग्रह करणार नाही. परंतु थोड्या साधनांत भय कसे रचले जाते, हे ज्यांस पुन्हा पुन्हा पाहावयाचे आहे, त्यांनी २०१३ किंवा २०२१ ची प्रत अवश्य घ्यावी, दिवे मालवावेत, आणि दुसऱ्या खेपेस लॉरीकडे न पाहता चौकटीच्या कडांकडे पाहावे. आम्ही तसे केले, आणि आमचा जुना शेरा त्याच रात्री खोडून टाकला.