मोजणाऱ्याची पावलं

मंडळी, अभ्यासक रानात जातो तो प्राण्याचे ठसे शोधायला. त्याच्या स्वतःच्या ठशांचा हिशेब कोण ठेवतो, एवढाच आज आमचा प्रश्न आहे. उदाहरण आपल्याच जिल्ह्यातलं घेऊ.

अकोल्याच्या शेतशिवारात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅमेरे लावून बिबट्यांचा अंदाज काढला. निबंध २०१३ साली आला. दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ४.८ प्रौढ बिबटे, आणि त्याच मुलखात दर चौरस किलोमीटरला ३००हून जास्त माणसं! बिबट्या म्हणजे जंगल, ही समजूत त्या आकड्यांनी मोडली. या कामाचं मोल मोठं आहे, ते आधीच सांगून ठेवतो.

आता 'आजोबा'. २००९ साली पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला हा बिबट्या विहिरीत पडला. त्याला काढलं, गळ्यात जीपीएस पट्टा बांधला, माळशेज घाटात सोडलं. तिथून सुमारे १२० किलोमीटर चालत तो मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला. पुढे त्याच्यावर सिनेमाही निघाला. पण विहिरीपासून घाटापर्यंत तो चालला नव्हता. त्याला नेलं होतं. म्हणजे नकाशावरचा पहिला ठिपका माणसाचा आहे. आकडा खरा, पण तो हलवलेल्या बिबट्याचा. हे कुणी लपवलं नाही. कौतुकात मागे पडलं, इतकंच.

कुणी म्हणेल, साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात अभ्यासकाच्या एका जीपचा धूर तो काय? बरोबर आहे. पण प्रश्न आकाराचा नाहीच. आपल्या हाताने जे बदललं ते न मोजता उरलेलं मोजलं, तर ज्ञानच अर्धवट राहतं.

हे पुरातत्त्वाला आधी कळलं. १९५४ ते ५६ या काळात सांकलियांनी नेवाशाला उत्खनन केलं, १९६० साली त्याचा सविस्तर अहवाल छापला. उकरलेला थर परत रचता येत नाही, म्हणून थरागणिक नोंद करायची, आणि टेकाडाचा काही भाग पुढच्या पिढीसाठी न उकरता ठेवायचा, ही त्या शास्त्राची शिस्त.

तीच शिस्त रानातल्या अभ्यासाला हवी. प्राण्याला हात लावायची परवानगी निबंधात नोंदवतात. त्याच्याच खाली किती फेऱ्या झाल्या, किती इंधन जळलं, किती पट्टे आणि बॅटऱ्या रानात राहिल्या, हेही यावं. अभ्यास थांबवा, असं आम्ही मुळीच म्हणत नाही. मोजणाऱ्यालाही मोजा, एवढंच आमचं म्हणणं आहे.