अंत्यदर्शन : शोक आणि साक्ष

‘अंत्यदर्शन’ हा शब्द वृत्तपत्रांतून इतका रुळला आहे, की त्यातील विरोध आपल्या ध्यानात येत नाही. दर्शन घ्यावयाचे ते देवाचे, संताचे वा क्षेत्राचे. प्रेत हे तर आपल्या परंपरेने अशुचि मानलेले. त्याच्या स्पर्शाने स्नान प्राप्त होते. असे असता ख्यातनाम व्यक्तीच्या निष्प्राण देहापुढे सहस्रावधी परकी माणसे तासन्‌तास तिष्ठतात आणि त्या पाहण्याला दर्शन म्हणतात, याची उपपत्ती कशी लावावयाची? प्रस्तुत टिपणात या प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

या प्रश्नाची तीन उत्तरे सामान्यतः दिली जातात. पहिले उत्तर कुतूहलाचे. गर्दी गर्दीला ओढते, हे खरे. परंतु कुतूहल क्षणात शमते, ते माणसाला पावसात दिवसभर उभे करीत नाही. दुसरे उत्तर विभूतिपूजेचे. विभूतीची पूजा करावयास तिची प्रतिमा पुरेशी असते, किंबहुना प्रतिमाच अधिक सोयीची असते. मग मृत देहच का पाहावासा वाटतो, हे या उत्तराने उलगडत नाही. तिसरे उत्तर साहित्यशास्त्राच्या अभ्यासकाला मोह पाडणारे आहे. भट्टनायकाच्या साधारणीकरणाचा आधार घेऊन असे म्हणता येईल, की हा समुदाय करुणरसाचा प्रेक्षकच होय. पण नाट्यगृहातील सहृदयाचे स्वतःचे असे काही हरपलेले नसते. म्हणूनच तेथे शोकाचा रस होतो. येथे हानी प्रत्यक्ष आहे आणि ती आपली आहे, अशी त्या माणसाची धारणा असते. तेव्हा या गर्दीला प्रेक्षक म्हणणे म्हणजे तिचा शोक नाकारणे होय.

माझ्या मते या प्रश्नाचे मूळ अधिकाराच्या कल्पनेत आहे. मृताविषयीची सारी कर्तव्ये शास्त्राने आप्तांकडे सोपविली. सुतक सपिंडांना, अग्नी पुत्राने द्यावयाचा, पिंडदानही त्यानेच करावयाचे. ज्याचे मृताशी रक्ताचे नाते नाही, परंतु ज्याच्या आयुष्याला त्या मृताने वळण दिले, त्याच्या वाट्याला यांपैकी एकही विधी येत नाही. त्याच्यापाशी उरतात फक्त डोळे. अंत्यदर्शन हा परक्यांचा विधी आहे. ‘मीही या माणसाचा होतो’ ही साक्ष तो त्या रांगेत उभा राहून देतो.

१ ऑगस्ट १९२० रोजी मुंबईच्या सरदारगृहात लोकमान्य टिळकांचे देहावसान झाले. त्यांचा देह पद्मासनात बसविलेल्या स्थितीत लोकांच्या दर्शनासाठी ठेवण्यात आला. त्याचे छायाचित्र प्रसिद्धच आहे. अशी आसनस्थ अवस्था संन्याशाच्या देहाला दिली जाते. टिळक तर गृहस्थाश्रमी होते. भर पावसात निघालेल्या यात्रेत गांधीजी आणि शौकत अली यांनीही खांदा दिला, आणि दहन नेहमीच्या स्मशानात न होता खास परवानगीने गिरगावच्या चौपाटीवर झाले. आसन, खांदा आणि दहनभूमी या तिन्ही बाबतींत कुटुंबाच्या विधीची चौकट रुंदावली गेली. ज्यांना अधिकार नव्हता त्यांनी तो घेतला, आणि कोणी त्यास हरकत घेतल्याने तो अडला नाही.

तथापि साक्ष देऊन माणसे घरी गेली, एवढ्याने विधी पुरा होत नाही. पुढे काय, हा खरा प्रश्न आहे. त्याचे सर्वांत स्पष्ट उत्तर डिसेंबर १९५६ मध्ये मिळाले. ६ डिसेंबरला दिल्लीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले. देह विमानाने मुंबईत आणून ‘राजगृहा’त दर्शनासाठी ठेवण्यात आला आणि ७ तारखेस दादरच्या चौपाटीवर बौद्ध पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. मुंबईत १६ डिसेंबरला धम्मदीक्षेचा समारंभ योजिलेला होता. तो दिवस उजाडण्यापूर्वीच, त्या स्मशानात जमलेल्या प्रचंड समुदायाने भदंत आनंद कौसल्यायन यांच्याकडून दीक्षा घेतली. ज्यांना शतकानुशतके माणूस म्हणून जवळ येऊ दिले गेले नव्हते, ते येथे जवळच्यांत जवळचे ठरले; आणि मृताने अपुरे ठेवलेले कार्य वारसाने हाती घ्यावे, तसे त्यांनी ते घेतले. दर्शनाचे पर्यवसान येथे प्रतिज्ञेत झाले. आजही ६ डिसेंबरला लाखो लोक चैत्यभूमीवर येतात. तेथे पाहावयास देह नाही, आणि त्याची उणीव कोणास भासत नाही.

याच्या उलट टोकाला लेनिनचे उदाहरण आहे. २१ जानेवारी १९२४ रोजी तो वारल्यावर मॉस्कोच्या कडाक्याच्या थंडीत लोकांनी रांगा लावल्या. तो शोक खोटा होता असे म्हणण्यास आधार नाही. परंतु सत्ताधाऱ्यांनी देह रसायनांनी टिकवून कायमचा प्रदर्शनात ठेवला. लेनिनची पत्नी क्रुप्स्काया हिने त्याच्या नावे स्मारके उभारू नयेत असे ‘प्रावदा’तून जाहीरपणे विनविले होते, ते मानले गेले नाही. ज्या दर्शनाला अंत नाही ते अंत्यदर्शन नव्हे. तेथे वारसाला जागा राहत नाही, कारण मृत गेलेलाच नसतो. आणि त्याच्या नावाने बोलण्याचा मक्ता देहाच्या रखवालदारांकडे जातो. गांधीजींना हा धोका जाणवला असावा. ३० जानेवारी १९४८ नंतर देह काही काळ टिकवून ठेवण्याची सूचना पुढे आली, तेव्हा गांधीजींचा अशा गोष्टीस विरोध होता, असे प्यारेलाल यांनी सांगितले आणि दुसऱ्याच दिवशी दहन झाले.

मराठी वाङ्मयाला ‘अंत्य’ या पदाचे महत्त्व पूर्वीपासून ठाऊक आहे. नामदेवांच्या नावावरील समाधिप्रकरणाच्या अभंगांत निवृत्तिनाथांसह सारी संतमंडळी ज्ञानदेवांच्या निरोपाला जमलेली दिसतात. त्यांचा शोक कवी कोठेही आवरता घेत नाही. पण शेवटी समाधीच्या दारावर शिळा लागते आणि पाहणे संपते. त्या संपण्यातूनच पुढची आळंदीची वारी उभी राहिली.

आता एका गंभीर आक्षेपाचा विचार केला पाहिजे. सामूहिक शोक ही उत्स्फूर्त भावना नसून समूहाने व्यक्तीवर लादलेले कर्तव्य असते, असे एमिल दुर्खीम यांनी १९१२ च्या आपल्या ग्रंथात प्रतिपादिले. हे मत सर्वांशी स्वीकारता येत नसले, तरी त्यातील इशारा आपल्याला टाळता येणार नाही. १७ नोव्हेंबर २०१२ रोजी बाळासाहेब ठाकरे यांचे निधन झाले. शिवाजी पार्ककडे निघालेल्या अफाट जनसमुदायात मनापासून रडणारे असंख्य होते, याविषयी शंका नाही. परंतु त्याच वेळी, बंद झालेल्या मुंबईविषयी फेसबुकवर प्रश्न उपस्थित केल्यावरून पालघर येथे दोन तरुणींना अटक झाली. ज्या कलमाचा तेव्हा आधार घेतला गेला ते, म्हणजे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६अ, सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये घटनाबाह्य ठरविले. या प्रकरणाचे तात्पर्य गर्दी वाईट असे नव्हे. साक्षीला मोल असते ते ती न देण्याची मोकळीक असते म्हणून. सक्तीची साक्ष न्यायालयात टिकत नाही. स्मशानातही ती टिकू नये.

सारांश, थोरांच्या देहाभोवती जमणाऱ्या समुदायाची सुशिक्षितांनी केलेली हेटाळणी आणि वृत्तपत्रांनी केलेला गौरव, दोन्ही सारखीच उथळ आहेत. गर्दीच्या संख्येवरून काहीच सिद्ध होत नाही. येणारा मोकळेपणाने आला काय, त्याला देहाचा निरोप घेता आला काय, आणि परतताना त्याने काही अंगावर घेतले काय, या तीन प्रश्नांनीच अशा शोकाची परीक्षा व्हावी. दादरच्या वाळूवर ७ डिसेंबर १९५६ रोजी या तिन्ही प्रश्नांना होकार मिळाला होता.