नाव उतरल्यावर उरलेले रूप : फ्लॉरिडातील ‘पब्लिक्स’च्या जुन्या इमारती

दुकानाच्या इमारतीला अर्थ असतो काय, आणि असल्यास तो तिच्या कोणत्या अंगात वसतो, हा प्रश्न वास्तुशास्त्राइतकाच चिन्हविचाराचाही आहे. अमेरिकेच्या फ्लॉरिडा राज्यात वाढलेल्या ‘पब्लिक्स’ या किराणा-दुकानांच्या साखळीच्या जुन्या इमारती समोर ठेवून त्याचा येथे विचार करावयाचा आहे. हा प्रश्न केवळ तात्त्विक नव्हे. कोणती इमारत राखावी आणि कोणती पाडू द्यावी, याचा निवाडा त्याच्या उत्तरावर अवलंबून असतो.

जॉर्ज जेंकिन्स यांनी १९३० साली विंटर हेवन या गावी पब्लिक्सचे पहिले दुकान उघडले. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात मायकेल कलन यांनी ‘किंग कलन’ हे सुपरमार्केट एका जुन्या गॅरेजमध्ये थाटले होते. मंदीचे दिवस होते. इमारतीचा साधेपणा हीच तेथे स्वस्ताईची ग्वाही होती. जेंकिन्स यांनी नेमकी उलट वाट धरली. १९४० साली आपली दोन लहान दुकाने बंद करून त्यांनी त्याच गावी एक मोठे सुपरमार्केट बांधले. संगमरवर, काच, टेराझोची (आपण जिला मोझाइक म्हणतो ती) फरशी, वातानुकूलन, माणूस जवळ येताच आपोआप उघडणारी दारे, असा त्याचा थाट होता. १९४५ मध्ये पब्लिक्सने एकोणीस दुकानांची दुसरी एक साखळी विकत घेतली आणि पुढे लेकलंड येथे आपले ठाणे हलविले. पुढे १९५० नंतरच्या दशकात या दुकानांच्या दर्शनी भागावर दोहों बाजूंस पसरलेले, निऑन दिव्यांनी उजळणारे पंख आले. हे पंख म्हणजेच पब्लिक्स, अशी ओळख गावोगाव रुजली.

अशा इमारतींच्या अर्थाची सर्वांत प्रभावी मीमांसा रॉबर्ट व्हेंचुरी, डेनिस स्कॉट ब्राउन व स्टीव्हन आयझेनूर यांनी १९७२ च्या आपल्या लास व्हेगासविषयक ग्रंथात केली. त्यांनी इमारतींचे दोन प्रकार कल्पिले. पहिला ‘बदक’: लाँग आयलंडवरील बदकाच्या आकाराच्या दुकानाप्रमाणे जिचे सारे शरीरच चिन्ह होते, अशी इमारत. दुसरा ‘सजविलेली छपरी’: साधी पेटीसारखी वास्तू आणि तिच्यावर चढविलेले चिन्ह. ही मांडणी मार्मिक असली तरी प्रस्तुत उदाहरणापुढे ती अपुरी पडते. बदकाचा अर्थ साम्यातून येतो. छपरीच्या पाटीचा अर्थ बहुधा अक्षरांतून, म्हणजे आधीच सिद्ध असलेल्या भाषेतून येतो. पब्लिक्सच्या पंखांत यांपैकी काय आहे? पंखांचे किराण्याशी साम्य नाही आणि ते अक्षरही नव्हेत. सोस्यूरच्या परिभाषेत ते यादृच्छिक चिन्ह आहे. त्याचा अर्थ केवळ पुनरावृत्तीने सिद्ध झाला. एकाच गावी एकच पंखधारी इमारत असती, तर ती वास्तुकाराची लहर ठरली असती. अनेक गावी तीच दिसल्यामुळे ती शब्द झाली. सॅन फ्रान्सिस्कोच्या मरीना भागातील १९५९ च्या ‘सेफवे’ दुकानाचे कमानदार छप्पर पुढे कितीतरी ठिकाणी गिरविले गेले, आणि त्या छपराचेही असेच झाले.

यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. अशा वास्तुरूपात अभ्यासाचे एकक एकेकटी इमारत नसून मालिका हे आहे. जतनाचे प्रचलित निकष मात्र एकेका इमारतीला लावले जातात. १९६६ च्या कायद्याने स्थापन झालेल्या अमेरिकेच्या राष्ट्रीय नोंदवहीत प्रवेश मिळण्यासाठी इमारत सामान्यतः पन्नास वर्षांची असावी लागते. शिवाय तिची ‘अखंडता’ स्थान, रचना, परिसर, सामग्री, कारागिरी, भाव व अनुबंध या सात अंगांनी पारखली जाते. पब्लिक्सची साखळी आजही भरभराटीत आहे. आपली जुनी दुकाने पाडून त्याच जागी नवी बांधण्याचा तिचा परिपाठ आहे. परिणामी तिने राखलेल्यांपेक्षा तिने सोडून दिलेल्या इमारतींनाच टिकण्याची संधी अधिक मिळाली. त्या दुसऱ्यांच्या हाती गेल्या, रंगविल्या गेल्या, त्यांवर नव्या पाट्या चढल्या. ज्या वापराने त्यांना तगविले, त्याच वापरामुळे त्या अखंडतेच्या कसोटीस उतरत नाहीत.

मराठीच्या अभ्यासकाला ही स्थिती अपरिचित वाटू नये. ‘घरी’, ‘दारी’ या रूपांतील सप्तमीचा ‘ई’ प्रत्यय आज नव्या शब्दांना सहसा लागत नाही. ‘बँकी’ किंवा ‘ऑफिसी’ असे कोणी म्हणत नाही. तरीही ‘घरी’ टिकले आहे, ते रोजच्या बोलण्यात राहिल्यामुळे. वापराने झिजलेले रूप पुरावा म्हणून बाद ठरविले, तर भाषेचा इतिहास लिहिताच येणार नाही.

येथे एक रास्त आक्षेप संभवतो. प्रत्येक बदल क्षम्य मानला, तर कोणतीही पेटीवजा वास्तू पब्लिक्स म्हणून दाखविता येईल. त्यास उत्तर असे की, ध्वनिविचाराप्रमाणे येथेही भेदक व अभेदक लक्षणे वेगळी करावी लागतील. रंग, दारे, आतील मांडणी ही अभेदक होत. ती बदलली तरी ओळख बदलत नाही. पंखांची आकृती व दर्शनी भागाची उंची ही भेदक होत. त्यांत समोरच्या मोकळ्या वाहनतळाचीही गणना केली पाहिजे. कारण हे रूप मोटारीतून, दुरून वाचले जावे म्हणूनच घडले होते. वाहनतळावर नवे बांधकाम उभे राहिले, तर भिंती शाबूत असूनही चिन्ह मुके होते.

तेव्हा एखादा निर्दोष नमुना निवडून त्यावर संरक्षणाची मोहोर उठविणे आणि बाकीच्यांचा विसर पडू देणे, हे अशा वास्तूंच्या बाबतीत जतन नव्हे. एका रूपावरून रूपावली सिद्ध होत नाही. पंख उतरविलेल्या, रंग फासलेल्या, भलत्याच नावाने चालणाऱ्या इमारतींचीही गाववार नोंद प्रथम झाली पाहिजे. त्यांतील कोणती राखावी, हा प्रश्न त्यानंतरचा.