परत आलेल्यांची चित्रं

वरून दिसणारं एक विमान आणि त्याच्यावर लाल ठिपके. हे मीम तुमच्या फोनवर कधी ना कधी येऊन गेलं असणारच. आमच्या क्षेत्रात तर प्रत्येक तिसऱ्या प्रेझेंटेशनमध्ये ते असतं. दुसऱ्या महायुद्धात मोहिमेवरून परत आलेल्या बॉम्बर विमानांना कुठे कुठे गोळ्या लागल्या ते मोजलं गेलं. अब्राहम वाल्ड या संख्याशास्त्रज्ञाने १९४३ च्या सुमारास त्यावर काम करताना धरलेला धागा साधा होता: तुम्ही फक्त परत आलेली विमानं मोजताय. ज्यांना नको तिथे गोळी लागली ती मोजायला इथे नाहीतच. (ठिपक्यांचं ते चित्र वाल्डचं नाही, नंतर कुणीतरी केलेलं आहे. पण मीमला एवढं चालतं.)

मला ही गोष्ट सारखी आठवते ती युद्धविमानांची लिमिटेड एडिशन प्रिंट्स बघताना. हा छंद मुख्यतः ब्रिटन-अमेरिकेतला. रॉबर्ट टेलर हे त्यातलं सर्वांत मोठं नाव. बाथ शहरातला हा माणूस सुरुवातीला चित्रांच्या फ्रेमा करण्याचं काम करायचा, जहाजं आणि समुद्र रंगवायचा, मग विमानांकडे वळला. पद्धत अशी: मूळ तैलचित्र एकच असतं. त्याची ऑफसेटवर ठरावीक संख्येत छपाई होते, प्रत्येक प्रतीवर क्रमांक पडतो, चित्रकार कोपऱ्यात पेन्सिलने सही करतो. आणि त्याच्या शेजारी, खरी किंमत ज्याची असते ती गोष्ट: त्या लढाईतल्या वैमानिकांच्या सह्या. डग्लस बेडर, जॉनी जॉन्सन, स्टॅनफर्ड टक. समोरच्या बाजूचे अडॉल्फ गॅलंड, ग्युंटर राल.

दहापट मोठं दाखवणाऱ्या भिंगाखाली असं प्रिंट धरलं की ढग, स्पिटफायर, इंग्लिश खाडी, सगळं चार रंगांच्या ठिपक्यांत विरघळतं. वर्तमानपत्राच्या पुरवणीत आणि यात छपाई म्हणून फरक आहे तो कागदाचा आणि काळजीचा, जातीचा नाही. मग क्रमांक ५०० वर थांबायचं कारण काय? यंत्र थकलं म्हणून नाही. कुणीतरी ठरवलं म्हणून. एनएफटीचा तमाशा आपण सगळ्यांनी पाहिला. हे लोक ते काम कागदावर कितीतरी आधीपासून करत होते. साधी एडिशन, आर्टिस्ट्स प्रूफ, त्यावर चित्रकाराने समासात पेन्सिलने छोटं रेखाटन केलेली ‘रिमार्क’ प्रत. जितकी वरची पायरी, तितक्या सह्या जास्त. बेसिक, प्रो आणि एंटरप्राइझ प्लॅनच हे. आपल्याकडे रविवर्म्याने १८९४ साली मुंबईत छापखाना काढला (तो पुढे मळवलीला गेला), तेव्हा हिशेब बरोबर उलटा होता: लक्ष्मी-सरस्वती जितक्या घरांत जातील तितकं बरं.

तरीही रविवर्म्याची आठवण इथे केवळ विरोधापुरती नाही. टेलरचं चित्र नीट बघा. विमानाआधी आकाश दिसतं. समुद्र रंगवलेल्या माणसाचं आकाश आहे ते. ढगांना वजन आहे, उजेड कुठून येतोय ते कळतं, दहा हजार फुटांवरची थंडी जाणवते. आणि त्या उजेडाच्या मधोमध विमान, किंचित वळलेलं, पोट आणि पाठ दोन्ही दिसतील अशा कोनात. देवघरातल्या तसबिरीतला देव असाच आपल्याकडे अर्धवट वळून उभा असतो. माझ्याकडे या प्रकारातली दोन प्रिंट्स आहेत, पुण्यातल्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये, ओल येत नाही अशा एकमेव भिंतीवर. (पावसाळ्यात काचेला कागद चिकटू देऊ नका आणि लॅमिनेशनचा विचारही करू नका.) त्यामुळे पुढचं जे लिहितोय ते बाहेरून नाक मुरडणाऱ्याचं नाही.

माझा मुद्दा असा आहे की इथे सही चित्राच्या खाली येत नाही, आधी येते. चित्र विकलं जाणार सहीवर. म्हणजे ज्याने सही करायची त्याला ते बघून ‘हो, असंच होतं’ असं म्हणता आलं पाहिजे. ही अट मान्य केली की चित्रात काय येणार ते बरंचसं ठरूनच जातं. आपलं विमान पुढे, स्वच्छ, फार तर पंखावर एखाददुसरं भोक. शत्रूचं विमान मागे, धूर सोडत, चेहरा दिसणार नाही इतकं लांब. क्षण निवडायचा तो गोळी सुटल्यानंतरचा आणि आदळण्याआधीचा. आणि सही करायला माणूस जिवंत लागतो. हा सगळा प्रकार १९७०-८० च्या दशकांत बहरला, म्हणजे सही करणारा लढाईनंतर तीस-चाळीस वर्षं जगलेला हवा. ब्रिटिश बॉम्बर कमांडचे ५५,५७३ लोक मेले. विमानांतून गेलेल्यांतले जवळजवळ निम्मे. त्यांच्या विमानांची चित्रं निघत नाहीत असं नाही, पण चित्र कोणत्या विमानाचं काढायचं हे बहुतेक वेळा हयात माणसावरून ठरतं. लाल ठिपक्यांचंच चित्र हे, फक्त तैलरंगात.

धरणांवरच्या हल्ल्याचं उदाहरण घ्या. १६-१७ मे १९४३ ची रात्र. १९ लँकेस्टर विमानं निघाली, ८ परत आली नाहीत, १३३ पैकी ५३ माणसं मेली. या एका रात्रीची जितकी प्रिंट्स निघाली तितकी क्वचितच दुसऱ्या कुठल्या रात्रीची निघाली असतील. त्यात बहुधा दिसतं तेच: म्योनं धरण, चंद्रप्रकाश, पाण्याचा उंच खांब, वरून झेपावून निघून जाणारं लँकेस्टर. धरण फुटल्यावर खालच्या खोऱ्यात तेराशेच्या वर माणसं बुडाली. त्यांत मोठा वाटा जर्मनांनी पूर्वेकडून पकडून आणलेल्या वेठबिगार मजुरांचा होता, त्यांतही बायका बऱ्याच. म्हणजे ज्यांना सोडवण्यासाठी युद्ध चाललं होतं त्यांतलीच ही माणसं. चित्राच्या चौकटीची खालची कड धरणाच्या भिंतीशी संपते. चित्रकाराला खोरं ठाऊक नसतं असं नाही, पण खोऱ्यातून सही करायला येणारं कुणी नसतं.

संग्राहकांचं यावर एक उत्तर असतं आणि ते पोकळ नाही. ते एकाच प्रिंटवरच्या दोन सह्या दाखवतात, टक आणि गॅलंड. एकमेकांच्या विमानांवर गोळ्या झाडणाऱ्या बाजूंचे हे दोघे युद्धानंतर जिवलग मित्र झाले. हे खरं आहे, आणि त्या दोन सह्या शेजारी-शेजारी बघून मलाही गलबलतं. पण ही दिलजमाई परत आलेल्या दोघांमधली आहे. गॅलंड नाझी राजवटीच्या लढाऊ विमानदलाचा सेनापती होता. सहीच्या शेजारी तो फक्त एक उमदा वैमानिक उरतो. इतकं सगळं पुसायला पेन्सिलीला मागचा रबरही लागत नाही.

दुसरं उत्तर अचूकतेचं. या मंडळींची अचूकता थक्क करणारी आहे. स्क्वाड्रनची अक्षरं बरोबर हवीत, जून १९४४ च्या आधीच्या चित्रात पंखांवर काळे-पांढरे पट्टे दिसले तर खैर नाही. रिव्हेट मोजतात. पण युनिट टेस्ट सगळ्या हिरव्या आणि प्रॉडक्ट चुकीचं, असं आमच्याकडे रोज होतं.

त्याच युद्धात एका चित्रकाराने अचूकतेची पर्वा न करता विमानं काढली होती. पॉल नॅश. त्याला ब्रिटनच्या हवाई मंत्रालयाकडे अधिकृत युद्धचित्रकार म्हणून दिलं होतं. तिथल्या साहेबांना त्याची विमानं पटेनात. त्यांना वैमानिकांची पोर्ट्रेट आणि ओळखू येणारी यंत्रं हवी होती. १९४० संपता संपता त्यांनी त्याचं काम बंद केलं. नॅश मात्र ऑक्सफर्डजवळ काउलीला पाडलेल्या जर्मन विमानांचं भंगार पडलं होतं तिथे जाऊन आला होता, फोटो काढून आला होता. त्यातून ‘टोटेस मेअर’ झालं, म्हणजे मृत समुद्र. आता ते लंडनला टेट संग्रहात आहे. चांदण्यात मोडके पंख आणि पत्रे लाटांसारखे किनाऱ्यावर चढून येताना गोठलेत. जिवंत काय तर दूरवर उडणारं एक घुबड. विमानाचं मॉडेल कोणतं, हा प्रश्न तिथे मनात येत नाही. ही परत न गेलेली विमानं आहेत, आणि शत्रूची आहेत. तरी त्यात जिंकल्याचा आनंद शोधून सापडत नाही.

प्रिंटच्या दुनियेतही एक चित्र मला याच्या जवळ जाताना दिसतं: डेव्हिड शेफर्डचं ‘विंटर ऑफ फॉर्टी-थ्री, समव्हेअर इन इंग्लंड’. लँकेस्टर जमिनीवर उभं आहे, आसपास राबणारे लोक. विमान सुटलेलं नाही, म्हणून परत येईल की नाही हे अजून ठरलेलं नाही. शेफर्ड जगाला माहीत आहे तो हत्तींसाठी. गंमत म्हणजे त्याला हत्तींकडे वळवलं ते १९६० मध्ये केनियातल्या ब्रिटिश हवाई दलाच्या लोकांनीच. विमानं आम्ही रोज बघतो, इथले प्राणी काढ, म्हणाले.

आपला या सगळ्याशी संबंध काय? नावापुरता तर आहेच. ब्रिटिश हवाई दलाची १२२ क्रमांकाची ‘बॉम्बे’ आणि १३२ क्रमांकाची ‘सिटी ऑफ बॉम्बे’ ही स्क्वाड्रन्स स्पिटफायर उडवत होती; युद्धासाठी इथून गेलेल्या देणग्यांची ती पावती. पाच हजार पौंड जमवले की एका स्पिटफायरवर तुमचं नाव, असा तेव्हाचा ठोक भाव होता. मुंबईने दिलेल्या पैशांची विमानं प्रिंटवर शोधावीत, हा छंदातला एक बरा उपछंद होऊ शकतो.

पण मला हवं असलेलं चित्र वेगळं आहे. फेब्रुवारी १९४२, ब्रह्मदेशातलं टाउंगू. भारतीय हवाई दलाच्या एक नंबर स्क्वाड्रनकडे लायसँडर विमानं होती. जाड पंख डोक्यावर, चाकं आत न जाणारी, संथ, मुळात सैन्याच्या वरून टेहळणी करायला बनवलेली. स्क्वाड्रन लीडर के. के. मजुमदार यांनी त्यांना बॉम्ब लावले आणि थायलंडमधल्या जपानी विमानतळावर नेऊन टाकले. पुढे नॉर्मंडीवर टेहळणीची उड्डाणं केली, दोनदा डीएफसी मिळवला. फेब्रुवारी १९४५ मध्ये लाहोरला हवाई कसरती करताना त्यांचं विमान कोसळलं. युद्ध संपायला काही महिने होते, आणि सह्यांचा बाजार सुरू व्हायला तीसेक वर्षं.

मार्च २०२५ मध्ये जॉन हेमिंग्वे वारले, वय १०५. बॅटल ऑफ ब्रिटनमधले ते शेवटचे हयात वैमानिक. प्रकाशक आता पूर्वी जमवून ठेवलेल्या सह्या नव्या प्रिंटखाली माउंटमध्ये खिडकी कापून बसवतात. तो साठाही कधीतरी संपेल. मग कुणाच्या होकाराची गरज नसलेला चित्रकार लायसँडरकडे वळतो की पुन्हा त्याच स्पिटफायरकडे, हे बघायला मी थांबलोय. भिंतीवर जागा एकाच फ्रेमची उरली आहे.