कोशुन ताकामी यांच्या ‘बॅटल रॉयल’ या कादंबरीतील अप्रिय पात्रे : एक चिकित्सा

प्रास्ताविक :
कुमारवयीन पात्रांच्या जीवनमरणाच्या झुंजीवर आधारलेल्या थरारकथांविषयी एक आक्षेप नेहमी घेतला जातो. झुंजणारी पात्रेच वाचकाला आवडत नसतील, तर ती जगली काय आणि मेली काय, वाचकाने त्यांची चिंता का वाहावी, असा तो आक्षेप आहे. मराठी वाचकाला तो सहज पटण्याजोगा आहे. कुमारकादंबरी म्हटली की त्याला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आठवतो. संकटात उडी घेणारा, चतुर आणि मनाने निर्मळ असा हा नायक वाचकाला पहिल्याच भेटीत आपलासा वाटतो. अशा परंपरेत वाढलेल्या वाचकाने जपानी लेखक कोशुन ताकामी यांची १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘बॅटल रॉयल’ ही कादंबरी हाती घेतली, तर तो प्रथम गोंधळून जाईल. पात्रांचा अप्रियपणा हा या कादंबरीचा दोष आहे की तिचा विषयच तो आहे, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कथानक व निवेदन :
ही कादंबरी केवळ कुमारांसाठी लिहिलेली नाही. तीतील मुले मात्र चौदा-पंधरा वर्षांची आहेत. एका काल्पनिक हुकूमशाही पूर्व आशियाई प्रजासत्ताकात शासन दरवर्षी काही शालेय वर्ग निवडते. सहलीला निघालेल्या अशाच एका वर्गातील ४२ विद्यार्थ्यांना बेशुद्ध करून एका बेटावर आणले जाते. त्यांच्या गळ्यात स्फोटक पट्टे अडकवले जातात. एकच जण उरेपर्यंत एकमेकांना मारायचे, निषिद्ध ठरवलेल्या भागात जायचे नाही आणि चोवीस तासांत कोणीच मेले नाही तर सर्वांचे पट्टे फुटतील, असे नियम सांगितले जातात. शस्त्रांचे वाटपही नशिबावर सोडलेले असते. एकाच्या वाट्याला बंदूक येते, तर दुसऱ्याच्या वाट्याला निरुपयोगी वस्तू.

निवेदन तृतीय पुरुषी असून ते एका मुलाच्या मनातून दुसऱ्याच्या मनात फिरत राहते. अनेकांची ओळख वाचकाला त्यांच्या मृत्यूच्या थोडेसेच आधी होते. कोणाचे एकतर्फी प्रेम, कोणाची घरची भांडणे, कोणाचा गर्व हे सारे दोन-चार पानांत येते आणि प्रकरणाच्या शेवटी उरलेल्या विद्यार्थ्यांची संख्या छापलेली असते. ही संख्या वाचकाला हिशेबनीस बनवते. पुढचे पान उलटताना आता कोण गेले याची मोजदाद आपणही करीत आहोत, हे त्याच्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही. श्रीमंतीचा ताठा मिरवणारा आणि वर्गमित्रांना गावंढळ समजणारा तोशिनोरी ओदा मारला जातो, तेव्हा वाचकाला क्षणभर बरे वाटते. या बरे वाटण्याची लाज लेखक त्याच्या पदरात टाकतो, पण त्यावर भाष्य करीत नाही.

अप्रियपणाची घडण :
कादंबरीतील पहिला मारेकरी कोणी दांडगा मुलगा नाही. योशिओ आकामात्सु हा वर्गात सतत छळला गेलेला, बुजरा मुलगा आहे. शाळेच्या इमारतीतून सर्वांत आधी बाहेर पडल्यावर तो परत येतो आणि बाहेर येणाऱ्या वर्गमैत्रिणीवर बाण सोडतो. भीती आणि क्रौर्य यांतील अंतर किती थोडे आहे, हे येथे आरंभीच स्पष्ट होते.

याहून बोलका प्रसंग शिंजी मिमुरा याचा आहे. तो हुशार, संगणकात निष्णात आणि धैर्यवान आहे. शासनाची यंत्रणा उद्ध्वस्त करण्याची योजना तो मित्राच्या साहाय्याने आखत असतो. तेवढ्यात केइता इइजिमा तेथे येऊन आश्रय मागतो. हा मुलगा पूर्वी एकदा अडचणीच्या वेळी आपल्याला सोडून गेला होता, हे मिमुराला आठवते. शाळेच्या दिवसांतील तो एक किरकोळ भित्रेपणा येथे मृत्युदंडास पुरेसा ठरतो. धाक दाखवण्यासाठी रोखलेल्या पिस्तुलातून गोळी सुटते आणि वाचकाला आवडू लागलेला मिमुरा आपल्या मित्राच्याच नजरेत भयंकर होऊन बसतो.

दीपगृहातील प्रकरण हे या कादंबरीचे शिखर होय. वर्गप्रमुख युकिए उत्सुमी हिने पाच मैत्रिणींना गोळा करून दीपगृहात आसरा घेतलेला असतो. तेथे स्वयंपाक होतो, पहारे लावले जातात, थट्टामस्करीही चालते. जखमी नायक शुया नानाहारा यालाही त्या सांभाळतात. परंतु त्यांच्यापैकी युको साकाकी हिने शुयाच्या हातून एका मुलाचा मृत्यू होताना पाहिलेला असतो. ती झटापट स्वसंरक्षणाची होती, हे तिला ठाऊक नसते. ती शुयाच्या अन्नात विष घालते आणि ते अन्न भलत्याच मुलीच्या पोटात जाते. त्यानंतर काही क्षणांतच मैत्रिणी एकमेकींवर शस्त्रे रोखतात आणि युको वगळता सर्व जणी मरतात. या प्रकरणात दुष्ट असे कोणीही नाही. कादंबरीभर वाचकाला प्रिय असलेला शुया हाच युकोच्या दृष्टीने खुनी आहे. अप्रियपणा हा येथे माणसाचा गुण राहत नाही. अर्धवट माहिती आणि भय यांतून तो पाहणाऱ्याच्या डोळ्यांत तयार होतो. लोकांनी एकमेकांवर विश्वास ठेवू नये, म्हणजे ते एकत्र येऊन बंड करणार नाहीत, असे शासनाच्या या खेळामागील तर्काचे विवेचन कादंबरीत येते. दीपगृहातील सहा मुली तो तर्क शासनाच्या मदतीविना सिद्ध करतात.

मर्यादा :
जेथे लेखक अप्रियपणाला कारण पुरवू पाहतो, तेथे मात्र कादंबरी उणावते. काझुओ किरियामा याला जन्माआधी झालेल्या मेंदूच्या इजेमुळे भावनाच नाहीत. खेळात भाग घ्यावा की शासनाविरुद्ध लढावे, हे तो नाणे उडवून ठरवतो. ही कल्पना चमकदार असली तरी वैद्यकीय कारण देताच नैतिक प्रश्न संपतो. किरियामा हा वादळासारखा आहे. वादळाचा राग येत नाही. मित्सुको सोमाचे तसे नाही. खोटे अश्रू ढाळून ती जवळ आलेल्या मैत्रिणीचा विळ्याने गळा चिरते. पुढे तिच्या बालपणातील अत्याचारांची हकिकत येते. आईनेच तिला विकृत पुरुषांच्या हाती दिलेले असते. ही हकिकत वाचून दया येते, तरी आधीचा विळा विसरता येत नाही. दया आणि तिरस्कार यांपैकी एकाचीही निवड करता न येणे, हे मित्सुकोच्या चित्रणाचे यश आहे.

शुया, नोरिको आणि कावादा हे त्रिकूट मात्र फारच सुरक्षित ठेवलेले आहे. त्यांच्या हातून घडणारी प्रत्येक हिंसा आधीच क्षम्य ठरवलेली असते. शिवाय, अनेक मुलींच्या मनात अखेरच्या क्षणीही कोणा मुलाविषयीचे प्रेमच असावे, हा लेखकाचा आळस म्हणावा लागेल.

किंजी फुकासाकू यांनी २००० मध्ये या कादंबरीवर चित्रपट काढला. १९४५ मध्ये पंधराव्या वर्षी शस्त्रांच्या कारखान्यात राबलेल्या आणि मेलेल्या सोबत्यांची प्रेते उचललेल्या या दिग्दर्शकाला प्रौढांच्या आज्ञेवरून मरणारी मुले परकी नव्हती. चित्रपटात बेचाळीस मनांत शिरण्यास अवकाश नाही. किरियामा तर तेथे स्वेच्छेने आलेला परका मुलगा होतो. तथापि, दीपगृहाचा प्रसंग फुकासाकू यांनी जवळजवळ तसाच ठेवला आहे आणि तेथेही शस्त्र पहिल्यांदा उचलणारी मुलगी प्रेक्षकाला नीच वाटत नाही.